स्टेंटचा दर ठरला, आत डोकावण्याचा नाही

कॅथलॅबचं, म्हणजे हृदयात नळी घालून तपासायच्या खोलीचं, दार अर्धवट उघडतं. हिरव्या कपड्यातलं कुणीतरी बाहेर येऊन पेशंटचं नाव पुकारतं, आणि बाकड्यावर बसलेला मुलगा किंवा जावई चप्पल काढून आत येतो. काचेपलीकडे टेबलावर त्याचा माणूस झोपलेला असतो. काचेअलीकडे मॉनिटरवर एक काळी फांदी हलत असते. डॉक्टर तिच्यावर बोट ठेवून सांगतात, "इथं बघा, नव्वद टक्के. नळी आतच आहे, आत्ताच प्लास्टी करून घेऊ." मुलगा बघतो. त्याला नक्की काय दिसतं ते मला कधीच कळलं नाही. तो मान हलवतो, खिशातला फोन काढून थोरल्या भावाला लावतो, तो उचलत नाही, मग सही करतो.

सव्वीस वर्षं मी त्या काचेच्या अलीकडे बसलो. कॅथलॅब टेक्निशियन म्हणून सी-आर्म म्हणजे एक्स-रे यंत्राचा फिरता बाहू फिरवणं, डॉक्टरांनी मागितलेला कोन लावणं, चित्रावर अंतर मोजून देणं, शेवटी फिल्म साठवून सीडी करणं हे माझं काम. ब्लॉक किती टक्के हे सांगणं माझं काम नव्हतं आणि आजही नाही. पण त्या पडद्यावर काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे इतकी वर्षं पाहिल्यावर गप्प बसवत नाही. अरुंद वाहिनी उघडी धरणारी जाळी म्हणजे स्टेंट. तो किती रुपयांचा असावा हे आपल्या देशानं ठरवलं, आणि चांगलं केलं. तो स्टेंट बसवण्याआधी आणि बसवल्यावर रक्तवाहिनीच्या आत डोकावून बघण्याचे पैसे कुणी द्यायचे, हे मात्र ठरवलं नाही. त्याची किंमत ज्यांच्याकडे पैसे नाहीत ते पेशंट मोजतात, आणि बहुतेकांना आपण ती मोजतोय हे माहीतही नसतं.

आधी अँजिओग्राफी म्हणजे काय ते सांगतो, कारण 'अँजिओ केली म्हणजे आतलं सगळं कळलं' हा समज फार पक्का आहे.

मनगटातून किंवा जांघेतून नळी घालायची, ती हृदयाच्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी न्यायची, डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य, सोडायचा आणि एक्स-रेवर चलतचित्र घ्यायचं. क्ष-किरण डायमधून जात नाहीत म्हणून वाहिनी काळी दिसते. ही विद्या हाती आली ती एका चुकीमुळे. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेत क्लीव्हलँडला डॉ. मेसन सोन्स एका रुग्णाच्या महारोहिणीचं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या वाहिनीचं, चित्र घेत होते. नळीचं टोक घसरून हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या उजव्या कोरोनरी वाहिनीत गेलं आणि डायचा सगळा मारा थेट तिच्यात झाला. तोवर सगळ्यांची समजूत अशी की असं झालं तर माणूस जाणार. रुग्णाचं हृदय थांबलंही, पण खोकायला लावल्यावर पुन्हा सुरू झालं. आणि हृदयाची एकेक वाहिनी वेगळी पाहता येते हे त्या दिवशी जगाला कळलं. पुढे १९७७च्या सप्टेंबरात झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी जाग्या माणसाच्या कोरोनरी वाहिनीत पहिला फुगा फुगवून अडलेली वाट उघडली, तीच अँजिओप्लास्टी. आपल्याकडे १९८६ साली चेन्नईला डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलरिक्कल यांनी अँजिओप्लास्टीची सुरुवात केली. त्याच साली युरोपात माणसाच्या कोरोनरी वाहिनीत पहिला स्टेंट बसला.

या सगळ्या प्रवासात डोळे मात्र सोन्स यांचेच राहिले. म्हणजे आपण जे बघतो ती डायची सावली आहे. नळाच्या आतून पाणी जिथून वाहतं तेवढी जागा दिसते, नळाची भिंत दिसत नाही. भिंतीत चरबी किती साचली, कॅल्शियम किती, ते एका बाजूला आहे की सगळीकडून कडं करून बसलंय, हे सावलीत कळत नाही. शिवाय सावली सपाट. एका कोनातून पन्नास टक्के वाटलेला ब्लॉक सी-आर्म तीस अंश फिरवला की ऐंशी वाटतो, म्हणून तर आम्हाला डाव्या वाहिनीसाठी चार-पाच कोन घ्यावे लागतात. मुख्य डावी वाहिनी जिथं दोन फाट्यांत विभागते तिथं 'स्पायडर व्ह्यू' घ्यायचा. चित्र खरंच कोळ्यासारखं दिसतं, आणि नेमक्या त्या जागी फांद्या एकमेकींवर चढतात. एकच फिल्म दोन अनुभवी डॉक्टरांनी पाहिली आणि एकानं साठ, दुसऱ्यानं ऐंशी म्हटलं, असं मी किती वेळा ऐकलं असेल! दोघंही प्रामाणिक. दोघांनीही सावलीच मोजलेली.

१९८७ साली शिकागोच्या सीमोर ग्लॅगोव्ह यांनी मृतांची हृदयं तपासून दाखवलं की चरबी साचायला लागली की वाहिनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते. भिंतीच्या आतल्या एकूण जागेचा जवळजवळ चाळीस टक्के भाग भरेपर्यंत आतली वाट तशीच मोकळी राहू शकते. सावली म्हणते 'सगळं ठीक', आणि भिंतीत रोग बसलेला. हे कळून आता चार दशकं होत आली.

आत बघण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही नवे नाहीत. पहिला आयव्हस. हलक्या तारेवरून एक बारीक कॅथेटर आत जातं, त्याच्या टोकाला सोनोग्राफीचा इवलासा प्रोब. तो हळूहळू मागे ओढत आणायचा, म्हणजे वाहिनीचे आडवे काप एकामागून एक पडद्यावर येतात. झाड कापल्यावर बुंध्यावर जशी वर्तुळं दिसतात तसं. दुसरा ओसीटी. त्यात ध्वनीऐवजी प्रकाश. डाय मारून क्षणभर रक्त बाजूला सारायचं आणि दोन-तीन सेकंदांत सात सेंटिमीटरपर्यंत वाहिनी टिपायची. ओसीटीला दहा-वीस मायक्रॉनचा बारकावा दिसतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. स्टेंटची एकेक तार भिंतीला टेकली की मध्येच लोंबकळतेय, हे मोजता येतं. आयव्हसचा बारकावा त्याहून कमी, पण तो भिंतीत खोलवर बघतो आणि त्याला डाय लागत नाही. ज्याची किडनी आधीच थकलेली आहे अशा मधुमेही पेशंटला हा फरक फार मोठा असतो.

आज कुठल्याही गावात स्टेंट टाकताना शेवटी कडक फुगा जास्त दाबानं फुगवतात, ते कुठून आलं माहीत आहे? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बसवलेल्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती इतकी की रुग्णांना रक्त पातळ करणारी जबर औषधं द्यावी लागत, आणि त्यानं रक्तस्राव होई. मिलानच्या अंतोनिओ कोलंबो यांनी आयव्हस घालून पाहिलं तर सावलीत झकास दिसणारे स्टेंट आत अर्धवटच उघडलेले. दाब वाढवून ते पूर्ण उघडले आणि त्या जबर औषधांची गरज संपली. १९९५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि सगळ्या जगाची पद्धत बदलली. आयव्हस ज्यांनी कधी हातातही धरला नाही त्यांनीही त्या शोधाचा फायदा घेतला. पण दाब वाढवणं हा सरसकट तोडगा झाला. या पेशंटच्या या वाहिनीत स्टेंट उघडला का, हे बघायचं राहूनच गेलं.

बार्शीकडचे एक मामा आमच्याकडे आले होते. सहा एकर कोरडवाहू, दोन मुली, सरकारी योजनेचं कार्ड. पुढच्या बाजूच्या मोठ्या वाहिनीत लांबलचक ब्लॉक, वर पंधरा वर्षांचा मधुमेह. फ्लुरोवर, म्हणजे चालू एक्स-रेवर, डाय सोडायच्या आधीच वाहिनीच्या दोन्ही कडांना फिकट रेघा हलताना दिसत होत्या, रेल्वेच्या रुळांसारख्या. कॅल्शियम. डॉक्टर भले माणूस, हात चांगला. फुगा फुगवला, तीन मिलिमीटरचा स्टेंट टाकला, पुन्हा कडक फुगा. शेवटचं चित्र सुरेख आलं, मीच ते साठवलं. खोलीच्या कोपऱ्यात आयव्हसचं यंत्र प्लॅस्टिकचं आवरण घालून उभं होतं. ते उघडलं नाही, कारण त्या वेळी योजनेतून अँजिओप्लास्टीला जी ठरलेली रक्कम यायची त्यात त्या कॅथेटरचे वेगळे पैसे मिळत नव्हते, आणि कॅथेटर एकदा वापरून टाकून द्यायचं असतं. खासगी पेशंट असता तर निदान विचारलं गेलं असतं.

चौदा महिन्यांनी मामा परत आले. शेतात खताची गोणी उचलताना छातीत दाटून येतं म्हणाले. अँजिओ केली तर स्टेंटच्या आतच वाट पुन्हा अरुंद झालेली. या वेळी डॉक्टरांनी कंपनीच्या माणसाला सांगून ओसीटीचं कॅथेटर मिळवलं, पैशाचं त्यांनी कसं जमवलं ते मी विचारलं नाही. पडद्यावर आलं ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. कॅल्शियमचं जवळजवळ पूर्ण कडं आणि त्याच्या आत चेपलेला स्टेंट, दाबल्या गेलेल्या बांगडीसारखा. तीन मिलिमीटरचा स्टेंट पूर्ण उघडला तर आतलं क्षेत्रफळ सात चौरस मिलिमीटर भरतं. मी मोजलं ते दोन पूर्णांक नऊ. युरोपातल्या तज्ज्ञांनी ओसीटीसाठी किमान साडेचारच्या वर जा असं सांगितलेलं आहे. म्हणजे चौदा महिन्यांपूर्वीच्या त्या सुरेख चित्रात हे सगळं होतंच, आम्हाला दिसलं नव्हतं इतकंच. कॅल्शियम फोडायची साधनं असतात, पण ती स्टेंट टाकण्याआधी वापरायची असतात. नंतर फार त्रास पडतो.

एक मामा म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळतं. म्हणून पुरावा काय आहे ते पाहू.

चीनमध्ये १,४४८ पेशंटवर झालेल्या अभ्यासात, ज्याचे निकाल २०१८ साली आले, आयव्हस वापरून केलेल्या अँजिओप्लास्टीत वर्षभरात त्या वाहिनीनं पुन्हा दगा देण्याचं प्रमाण २.९ टक्के होतं, नुसत्या अँजिओवर केलेल्यांत ५.४ टक्के. २०२३ साली दक्षिण कोरियातून १,६३९ पेशंटचा अभ्यास आला. सगळे अवघड ब्लॉकवाले, म्हणजे फाट्यावरचे, लांब, कॅल्शियमचे, मुख्य डाव्या वाहिनीतले. साधारण दोन वर्षांत हृदयविकाराचा मृत्यू, त्याच वाहिनीचा झटका किंवा त्याच वाहिनीवर पुन्हा प्रक्रिया यांचं एकत्र प्रमाण आत बघून केलेल्यांत ७.७ टक्के आणि न बघता केलेल्यांत १२.३ टक्के. त्याच वर्षी युरोपात फाट्यावरच्या १,२०१ पेशंटचा ओसीटीचा अभ्यास आला, तिथं दोन वर्षांत १०.१ विरुद्ध १४.१. हे शेकडा आकडे छोटे वाटतील. पण अवघड ब्लॉकवाल्या शंभर जणांमागे चार-पाच जणांवरचा असा एखादा प्रसंग टळेल, असा त्याचा अर्थ.

उलट बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही. त्याच २०२३ साली जवळपास अडीच हजार पेशंटचा आणखी एक मोठा ओसीटी अभ्यास आला. त्यात ओसीटीनं स्टेंट जास्त चांगले उघडले आणि स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं प्रमाणही कमी राहिलं, पण वाहिनीनं दगा देण्याच्या एकूण प्रमाणात दोन वर्षांत ठोस फरक दिसला नाही. म्हणजे प्रत्येक छोट्या, सरळ ब्लॉकला आत डोकावलंच पाहिजे असं म्हणता येत नाही, आणि मीही म्हणत नाही. हे सगळं तोलूनच युरोपच्या हृदयरोग संघटनेनं २०२४ साली मार्गदर्शिकेत लिहिलं की मुख्य डावी वाहिनी, खरे फाटे (दोन्ही फांद्यांत ब्लॉक असलेले) आणि लांब ब्लॉक असतील तर आयव्हस किंवा ओसीटी वापरावंच. त्यांच्या शिफारशींतली ही सर्वांत वरची पायरी आहे. जपानमध्ये विम्यातून याचे पैसे मिळतात, आणि तिथं दर दहा अँजिओप्लास्टींपैकी आठांहून जास्त ठिकाणी आत बघितलं जातं. तिथले डॉक्टर आपल्या डॉक्टरांहून हुशार आहेत म्हणून हे झालेलं नाही. पैसे कुठून यायचे हे तिथं आधीच ठरलेलं आहे.

एका गोष्टीचा मला कायम विचार पडतो. त्याच कॅथलॅबमध्ये, त्याच टेबलावर दुसऱ्या प्रक्रिया होतात तेव्हा कुणी असं न बघता हात घालत नाही. अॅलन क्रिबिएर यांनी २००२ साली फ्रान्समध्ये रुआन इथं छाती न उघडता महारोहिणीची झडप बसवली, त्या पद्धतीला आता सगळे टावी म्हणतात. टावीआधी सीटी स्कॅन झालाच पाहिजे. झडपेच्या मुळाचा घेर मोजायचा, कोरोनरी वाहिन्यांची तोंडं झडपेपासून किती उंचीवर आहेत ते मोजायचं, जांघेतली वाहिनी एवढी जाड नळी घेईल का ते बघायचं. त्याशिवाय कुणी झडपेचा डबा उघडत नाही. हृदयाच्या पडद्यातल्या छिद्राला छत्री बसवायची तर आधी अन्ननलिकेतून इको करून छिद्राच्या कडा मोजतात. एका बाजूची कड पुरेशी नसेल तर छत्री सुटून वाहून जाते. वातज्वरानं झडप आखडलेल्या तरुण मुली आपल्या ग्रामीण भागातून अजून येतात. त्यांची झडप फुग्यानं उघडताना आधी डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी नाही ना, हे इकोवर पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत, नाहीतर ती गुठळी मेंदूत जाईल.

मग कोरोनरीतच आपण सावलीवर का भागवतो? मला सापडलेलं उत्तर असं. झडपेचं माप चुकलं तर पेशंट टेबलावरच जातो, सगळ्यांसमोर, डॉक्टरांच्या हातात. स्टेंटचं माप चुकलं तर त्या दिवशी काहीच होत नाही. चित्र सुंदर येतं, पेशंट दोन दिवसांत घरी जातो, नातेवाईक पेढे देतात. चूक उगवते वर्षानं, दोन वर्षांनी, कुठल्या तरी शेताच्या बांधावर. तेव्हा ती चूक म्हणून कुणाच्या नावावर लागत नाही. 'मामांनी बिडी सोडली नाही', 'गोळ्या वेळेवर घेतल्या नाहीत', असं म्हणून विषय मिटतो. कधी ते खरंही असतं. पण आत बघितलंच नसेल तर खरं काय हे कुणालाच सांगता येत नाही.

आता पैशाचं. फेब्रुवारी २०१७मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणानं स्टेंटला कमाल किंमत लावली. औषधाचा लेप असलेला २९,६०० रुपये, साधा ७,२६०. त्याआधी लाखाच्या घरातली बिलं मी पाहिली आहेत, म्हणून तो निर्णय किती मोठा होता हे मी जाणतो. पण धातूचा दर बांधला, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष धातूवरच राहिलं. बिल तपासणारा अधिकारी स्टेंटच्या खोक्यावरचा स्टिकर बघतो. विमा कंपनी किती स्टेंट ते विचारते. एका पेशंटला तीन स्टेंट टाकले तर तिन्हींचे पैसे हिशेबात येतात. 'आत बघितल्यावर दोनच लागले' याचा हिशेब कुठल्याच रकान्यात बसत नाही. वस्तूला पैसे मिळतात आणि निर्णयाला मिळत नाहीत, तर रुग्णालयं वस्तूच विकत घेणार. यात कुणी दुष्ट असण्याची गरज नाही, हिशेबच तसा मांडलेला आहे.

'आधीच योजनांवर ताण आहे, त्यात हे महागडं कॅथेटर कुठून आणायचं?' असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. माझं उत्तर दोन भागांत. पहिलं, सगळ्यांना द्या असं कुणी म्हणत नाही. मुख्य डावी वाहिनी, फाटे, लांब ब्लॉक, जड कॅल्शियम, आणि आधीचा स्टेंट बंद पडून परत आलेला पेशंट, एवढ्यांसाठी वेगळी रक्कम ठेवा. मामांसारखा माणूस दुसऱ्यांदा टेबलावर येतो तेव्हा योजना दुसऱ्यांदा पूर्ण पैसे भरतेच, वर त्याचा हंगाम बुडतो तो वेगळा. दुसरं, आज या कॅथेटरची किंमत रुग्णालयागणिक बदलते. सरकार राज्यभरासाठी एकत्र खरेदी करील तर ती कितीतरी खाली येईल. स्टेंटची किंमत आपण दर बांधून खाली आणून दाखवली आहे. हीच गोष्ट इथं का जमू नये?

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. आत बघण्याला पैसे मिळायला लागले की गरज नसलेल्यांच्याही बिलात ते चढेल. चढेल, नक्की चढेल. आपल्याकडे काय होऊ शकतं ते नोव्हेंबर २०२४मध्ये गुजरातेत दिसलं. मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावात आरोग्य शिबिर झालं, तिथून १९ गावकऱ्यांना अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात नेलं, सगळ्यांची अँजिओग्राफी झाली, सात जणांना स्टेंट टाकले आणि त्यांतले दोघं दगावले. पैसे सरकारी योजनेतून निघणार होते. अशा बाजारात आणखी एक महाग साधन सोडणं धोक्याचं आहे हे मी मान्य करतो. पण या आक्षेपाचा उपाय माझ्या मते डोळे झाकून ठेवणं नाही. उपाय उलट आहे. जे दिसलं ते पुरावा म्हणून जपा आणि उघडं ठेवा.

कारण आत बघण्याचा अर्थ 'जास्त करा' असा नसतो, 'करू नका' असाही असतो. वाहिनीत दाब मोजणारी तार घालून ब्लॉकच्या पुढे आणि मागे रक्ताचा दाब किती ते बघतात, पलीकडच्या दाबाला अलीकडच्या दाबानं भागून येणाऱ्या आकड्याला एफएफआर म्हणतात. ते ०.८०च्या वर असेल तर सहसा स्टेंटची गरज नाही. २००९ साली १,००५ पेशंटचा अभ्यास आला. नुसत्या डोळ्यांनी ठरवलेल्यांना सरासरी २.७ स्टेंट लागले, एफएफआरनं ठरवलेल्यांना १.९. वर्षभरातले वाईट प्रसंग मात्र कमी स्टेंटवाल्यांतच कमी, १८.३ टक्क्यांवरून १३.२ टक्क्यांवर आले. आणि ज्या ब्लॉकना डोळ्यांनी पन्नास ते सत्तर टक्के म्हटलं होतं, त्यांतले जेमतेम एकतृतीयांशच खरोखर रक्त अडवत होते. काचेअलीकडे मुलाला दाखवलेल्या टक्क्यांचं वजन यावरून कळावं. दुखणं स्थिर असलेल्या पेशंटमध्ये घाईनं नळी घालण्याचा मृत्यू टाळण्यासाठी किती उपयोग होतो, हे ३७ देशांतल्या ५,१७९ जणांवर पाहिलं गेलं. २०२० साली उत्तर आलं, फरक दिसत नाही. त्यात मुख्य डाव्या वाहिनीचे पेशंट घेतले नव्हते, हेही सांगायला हवं. मोठा झटका येऊन वाहिनी पूर्ण बंद पडली असेल तर गोष्टच वेगळी. तिथं मिनिटं मोजायची असतात, आधी वाट मोकळी करायची, आत काय ते रक्त वाहू लागल्यावर बघायचं. पण कॅथलॅबमध्ये येणारा प्रत्येक जण झटक्यात आलेला नसतो. कितीतरी जण चालत येतात, सकाळी डबा खाऊन. त्यांना 'आत्ताच करू' अशी घाई करण्याचं कारण मला बहुतेक वेळा दिसलेलं नाही.

सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २००८मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती धरता येत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीनं करावं लागलं तर अपवाद. आपल्याकडे मात्र अँजिओच्या फॉर्मवरच खाली बारीक अक्षरात 'गरज पडल्यास अँजिओप्लास्टी' लिहून सही घेतात. पेशंटला गुंगीचं औषध देण्याआधी नुसती अँजिओची सही घ्या. चित्र आलं की स्थिर पेशंटला बाहेर आणा, चहा द्या, घरच्यांसमोर फिल्म लावा, औषधं, प्लास्टी, बायपास तिन्ही समजावून सांगा. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची असेल तर दाखवू द्या. नळी पुन्हा घालावी लागेल, खर्च थोडा वाढेल, हे मला माहीत आहे. तरीही स्थिर पेशंटच्या बाबतीत मी त्याच बाजूचा आहे.

आणि फिल्म. मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ सालीच म्हटलं की रुग्णाला त्याचे कागद देताना रुग्णालयाला गुप्ततेचं कारण पुढे करता येणार नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२चे नियम सांगतात की मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्या आणि आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपा. प्रत्यक्षात काय होतं ते मी केलेलं काम आहे म्हणून सांगतो. योजनेच्या मंजुरीसाठी निवडून दोन-चार स्थिर चित्रं पाठवली जातात. ज्या कोनात ब्लॉक सर्वांत मोठा दिसतो तो कोन निवडला जातो. पेशंटला छापील रिपोर्ट मिळतो, त्यावर एक हाताने काढलेली झाडाची आकृती. सीडी मागितली तरच मिळते, आणि कधी तिच्यात निम्मेच कोन असतात. माझी मागणी अशी की सगळे कोन, शेवटचं चित्र, आत बघितलं असेल तर ती पूर्ण नोंद, आणि एफएफआर केलं असेल तर तो आकडा, हे सगळं न मागता पेशंटच्या हातात पडावं आणि योजनेच्या संगणकावरही जावं. तिथं दर महिन्याला काही फिल्म्स चिठ्ठ्या टाकून काढाव्यात आणि त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या हृदयरोगतज्ज्ञांनी, नावं झाकून, बघाव्यात. पैसे या तपासणीला बांधावेत. ज्याची पूर्ण फिल्म नाही त्याचे पैसे नाहीत. आत बघण्याचा खर्च सरकारनं उचलायचा असेल तर हा दुसरा अर्धा भाग सोडून चालणार नाही, आणि हा अर्धा भाग नुसताच लावला व आत बघण्याचे पैसे दिले नाहीत, तर तपासणाऱ्यांच्या हातीही सावलीच येईल.

साधनांबरोबर माणसंही लागतील. ओसीटीचं चित्र वाचता न आलं तर ते रंगीत पान आहे. मोठ्या शहरांतल्या शिकवणाऱ्या रुग्णालयांनी जिल्ह्याच्या डॉक्टरांना आणि आम्हा टेक्निशियन लोकांना शिकवावं. मोजमाप आम्हीच काढतो, कर्सर आमच्याच हातात असतो, आणि आम्हाला हे शिकवतो सहसा कंपनीचा माणूस. तो भला असला तरी त्याला आपलं कॅथेटर विकायचं असतं. हे शिक्षण कंपनीकडे सोपवून सरकारनं मोकळं होऊ नये असं मला फार वाटतं.

मामांच्या दुसऱ्या वेळी कॅल्शियम फोडून, कडक फुगा वीस वातावरणांच्या दाबापर्यंत नेऊन स्टेंट उघडला. पुन्हा ओसीटी केलं. मी कर्सर फिरवला, पाच पूर्णांक आठ. डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर छापील मजकुराखाली पेनानं तो आकडा लिहिला, आधीचाही लिहिला, दोन्हीखाली तारखा. असं लिहायची पद्धत नाही, त्यांनी लिहिलं. जाताना मामांनी ते कार्ड माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "ह्यो आकडा कशाचा?" मी सांगितलं, स्टेंट आत किती उघडला त्याचा. त्यांनी बराच वेळ दोन्ही आकड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आन् ह्यो पयला आकडा पयल्या टायमालाच का न्हाई लिवला?"

कोपऱ्यातलं यंत्र तिथंच उभं होतं, आवरण घातलेलं. मी त्यांना ते दाखवलं.